पेशंटबरोबर कोण आहे?

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. घरातल्या प्लास्टिकच्या पिशव्यांसारखं असतं ते, एकीत एक कोंबलेल्या. एक ओढायला जावं तर दहा बाहेर येतात. परवा प्रल्हादच्या पुतणीच्या लग्नात आमचं तेच झालं. प्रल्हाद नुसता म्हणाला, "ताई, ते हात दाखवल्याचं ध्यानात हाय का?" झालं! अक्षता पडल्या, पंगती उठल्या, नवरी रडून गाडीत बसली, आणि आम्ही आपले अजून हेलिकॉप्टरमध्येच!

हो, हेलिकॉप्टर. आमच्याकडे होतं. हिंगोलीत, बसस्टँडमागच्या गल्लीत, रऊफभाईंच्या सायबर कॅफेत!

दोन हजार सात-आठच्या सुमाराची गोष्ट. मी सुनंदा, डोंगरकड्याची. हिंगोलीला कॉलेजात शिकायचे, होस्टेलवर राहायचे आणि टायपिंगच्या क्लासला जायचे. प्रल्हाद आणि पिराजी माझ्याच वर्गात. प्रल्हाद सेनगावकडच्या तांड्यावरचा. त्याच्या वडिलांची काळीपिवळी जीप गोरेगाव (मुंबईचं नव्हे, आमच्याकडचं) ते हिंगोली चालायची आणि सुट्टीत हा मागे लटकून पॅसेंजर भरायचा. पिराजी सेनगावचा. घरी मेंढरं. बोलायला कमी, पण समोरच्याचं ऐकून घेण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नसे.

कॅफेत आम्ही जायचो निकाल बघायला. तिथं प्रल्हादला तो खेळ सापडला. त्यात एक आख्खं शहर होतं आणि जगभरातली माणसं त्यात आपापल्या घरून शिरायची. कोणी पोलिस, कोणी टॅक्सीवाला, कोणी बँकेत मॅनेजर. नियम एकच. एकदा आत शिरलात की तुम्ही तुमच्या पात्राचे. बोलायचं ते पात्रासारखं आणि करायचं ते टाइप करून सांगायचं. "डॉक्टर नाडी बघतात." "डॉक्टर पट्टी बांधतात." सगळं इंग्रजीत!

आम्ही पोलिसात अर्ज केला. नापास. अग्निशमनमध्ये केला. नापास. शेवटी सर्व्हरचे मालक, लार्स नावाचे कुणी गृहस्थ, जिथं बर्फ पडतं अशा कुठल्याशा देशातले, त्यांनी विचारलं, "एअर अ‍ॅम्ब्युलन्स चालवाल का? ते काम कोणालाच नको असतं."

खरंच होतं ते. सगळ्यांना गोळ्या झाडायच्या होत्या. ज्यांना लागल्या त्यांना उचलायला कोणी तयार नव्हतं!

अशी आमची टीम झाली. प्रल्हाद पायलट. मी डॉक्टर आणि टीमची प्रमुख, कारण टायपिंगचा वेग माझा. पिराजीला तूर्तास काहीच काम नव्हतं. लार्ससाहेबांची अट मात्र कडक होती. पेशंट हवेतून खाली पडता कामा नये. तीनदा पडला की हेलिकॉप्टर काढून दुसऱ्या टीमला. आणि दुसरी टीम टपूनच बसलेली, फाडफाड इंग्रजी बोलणारी.

प्रल्हादनं त्या लाल-पांढऱ्या हेलिकॉप्टरकडे पहिल्यांदा बघितलं तेव्हा स्क्रीनला हात जोडले होते. मी हसले नाही. मलाही जोडावेसे वाटत होते.

*

पहिलाच कॉल. ट्रक ड्रायव्हर पुलावरून पडलेला. त्याच्या नावावरची जिवाची लाल पट्टी भराभर कमी होतेय. मी पट्टी बांधली, सलाईन लावलं, पेशंट आत घेतला. हेलिकॉप्टर हलेना! पंखा फिरतोय, आवाज घुमतोय, पण आम्ही जागेवरच.

मी शेजारच्या मशीनवर बसलेल्या प्रल्हादला कोपरानं ढोसलं. "उड की रे! काहून थांबला?"

"थांबा ना ताई. अजून दोन सीट रिकाम्या हायेत."

"अरे, पेशंट मरून राहिला!"

"मंग काय एकाच पॅसेंजरवर काढू गाडी?"

मी त्याच्या पाठीत धपाटा घातला तेव्हा कुठं आम्ही वर गेलो. शहराच्या निम्म्यावर आलो आणि हेलिकॉप्टर पुन्हा खाली! भर चौकात!

"आता काय झालं?"

"त्यानं हात केला!"

चौकात ट्रॅफिक पोलिस उभा होता. तो गाड्या थांबवायला हात करत होता. हेलिकॉप्टर समोर उतरलेलं बघून तोही बिचारा आत येऊन बसला! पुढे एका पिझ्झावाल्यानं हात केला. तोही बसला. गाडी भरली आणि मग प्रल्हादनं जी काही हाणली, की लाल पट्टी संपायच्या आत आम्ही दवाखान्याच्या गच्चीवर! पेशंट वाचला.

लार्ससाहेबांनी तेवढ्यात जाब विचारला, "ही अ‍ॅम्ब्युलन्स आहे की बस?"

प्रल्हाद बावरला. मग मला म्हणाला, "ताई, लिहा. म्हणावं, पेशंटला पुढची सीट दिली व्हती!"

*

पिराजीला काम कसं मिळालं ते सांगते.

आमच्याकडे दवाखान्यात एकटं कोणी जात नाही. डोंगरकड्याहून एकाला कावीळ झाली म्हणून नांदेडला न्यायचं तर आख्खी जीप निघते. एक सलाईनची बाटली धरायला, एक कंपाउंडर ओळखीचा आहे म्हणून, एक डबा घेऊन, आणि एक नुसता "काही होत न्हाई" म्हणायला. या शेवटच्या माणसाशिवाय पेशंट बरा होत नाही, हे माझं मत आहे.

त्यामुळे एक बँक मॅनेजर दुसऱ्या मजल्यावरून पडला तेव्हा माझ्या हातून सहज टाइप झालं, "पेशंटबरोबर कोण आहे?"

उत्तर आलं, "कोणी नाही. का?"

तोवर रक्त बघून प्रल्हाद कधी डगमगला नव्हता. हे वाचून डगमगला. "कोणीच न्हाई? आसं कसं कोणीच न्हाई, ताई? इतकी मोठी बँक, आन् एक माणूस न्हाई?"

मागच्या स्टुलावर बसलेला पिराजी म्हणाला, "मी बसतो."

आणि तो शेजारच्या मशीनवर बसला. खेळात नावापुढं पद लिहिता यायचं. प्रल्हादपुढं पायलट, माझ्यापुढं डॉक्टर, आणि पिराजीपुढं आम्ही लिहिलं, "नातेवाईक". त्याला इंग्रजी अडखळत वाचता यायचं, पण लिहिता येत नव्हतं, म्हणून मी तीन वाक्यं शिकवली. मी इथंच आहे. तुम्ही जेवलात का? काही होत नाही. एवढ्या भांडवलावर पिराजी हेलिकॉप्टरात चढला!

काय सांगू तुम्हाला, त्या शहरात आजारी पडायची साथच आली. धडधाकट माणसं गच्चीवरून उड्या मारायला लागली. कारण पोलिस त्यांना पकडायचे, गुंड त्यांना लुटायचे, पण "जेवलात का?" म्हणून विचारणारा तिथं एकटा पिराजी!

तो बँक मॅनेजर तर आमचा नेहमीचा झाला. एकदा दुपारी त्याचा कॉल आला. मी म्हटलं, "बोला, कुठं पडलात?"

"अजून पडलो नाही. नातेवाईक ड्युटीवर आहे का? नसेल तर मी संध्याकाळी पडतो!"

*

पण आमचा खरा शत्रू वेगळाच होता. लाइट!

त्या वर्षांत लोडशेडिंगचं वेळापत्रक आम्हाला परीक्षेच्या वेळापत्रकापेक्षा पाठ होतं. लाइट गेली की कॅफेतला यूपीएस कुंईकुंई करत दम तोडायचा. पायलटचं मशीन बंद झालं की खेळातलं हेलिकॉप्टर निराधार, सरळ दगडासारखं खाली. पहिल्यांदा पडलं तेव्हा आत बँक मॅनेजरच होता. समुद्रात बुडाला बिचारा!

लाइट आल्यावर लार्ससाहेबांनी मला बोलावून घेतलं. मी समजावून सांगितलं, की आमच्याकडे वीज तोडतात.

"कोण तोडतं? शत्रू?"

"नाही. वीजवालेच."

"तुमच्याकडे युद्ध चालू आहे?"

"नाही हो. वेळापत्रकाप्रमाणे तोडतात. पेपरात छापून येतं."

"रोज?"

"हो. वेळ मात्र बदलत असते."

मग त्यांनी लिहिलं, "तुमच्या पात्रांची पार्श्वभूमी फार सुंदर रचली आहे तुम्ही. माझ्या सर्व्हरवर इतकी कल्पनाशक्ती कोणाचीच नाही!"

कौतुक केलं, पण एक पडणं आमच्या नावावर लागलंच.

*

खेळताना आम्ही ओरडायचो. प्रल्हाद तर फारच. एकदा भर दुपारी तो किंचाळला, "ताई, रक्त थांबून न्हाई राहिलं! पेशंट चालला हातातून!"

बाहेर टपरीवर चहा पिणारे दोघं धावत आत आले. त्यांच्या मागून पंक्चरवाला आला. त्याच्या मागून भाजीवाली मावशी आली, हातात पाण्याचा तांब्या. बघता बघता दार माणसांनी भरलं. "कोणाचं लेकरू हाय?" "कांदा लावा नाकाला!" "जीप बोलवा कोणीतरी!"

रऊफभाई कपाळावर हात मारून उभे. "अरे कोई नहीं मरा भाई! गेम है गेम! मेरे कॅफे में कोई मरना नक्को!"

गर्दीला समजायला जरा वेळ लागला. पंक्चरवाल्यानं स्क्रीनकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. आता शिव्या पडणार म्हणून मी मान खाली घातली. पण कोणी जागचं हलेना. पिराजी आपला टाइप करतोय, मी इंजेक्शन देतेय, प्रल्हाद गच्ची शोधतोय, आणि मागं पंधरा-वीस माणसं श्वास रोखून उभी!

हेलिकॉप्टर उतरलं. लाल पट्टी हिरवी झाली. मी म्हटलं, "वाचला."

मावशीनं तांब्यातलं पाणी पिराजीला दिलं. "घे बाबा. कव्हाचा धीर देऊन राहिला तू त्याला."

*

दुसऱ्यांदा हेलिकॉप्टर पडलं त्याला रऊफभाई जबाबदार. उन्हाळा कडक. त्यांनी दुकानात नवा कूलर आणला, मोठ्या हौसेनं बटण दाबलं आणि फ्यूज उडाला! कॅफे अंधारात, आणि तिकडे एक म्हातारी शाळामास्तरीण ढगातून थेट बाजारपेठेत.

प्रल्हाद डोकं धरून खाली बसला. "आता एकदा पडलं का गेलं हेलिकॉप्टर."

रऊफभाईंना काही कळेना. "कूलर यहाँ लगाया तो हेलिकॉप्टर वहाँ कैसा गिरता रे?"

पण माणूस दिलाचा मोठा. त्या दिवसापासून आम्ही खेळायला बसलो की रऊफभाई बोर्डापाशी पहारा द्यायचे. कोणी गिऱ्हाईक घामानं निथळत म्हणालं, "भाई, पंखा लावा ना," की ते आधी आमच्याकडे बघायचे.

"ऊपर है के नीचे?"

"वर आहे, भाई."

मग गिऱ्हाइकाला म्हणायचे, "अभी ऊपर है. नीचे आने दो, फिर लगाता!"

मशीनजवळ खायला मात्र त्यांची सक्त मनाई. आम्ही पेशंट वाचवला तरी शेंगदाणे बाहेरच!

*

माझे बाबाराव काका एकदा होस्टेलवर लाडू घेऊन आले. तिथं कोणीतरी सांगितलं, सुनंदा कॅफेत आहे. काका कॅफेच्या दारात आले तेव्हा मी कानाला हेडफोन लावून, टाइप करता करता मोठ्यानं म्हणत होते, "पेशंट घेतलाय. हेलिकॉप्टर वर घ्या. दवाखान्यात बेड तयार ठेवा."

काकांनी मला हाक मारली नाही. रऊफभाईंकडे लाडवांचा डबा दिला आणि हळूच निघून गेले. "ड्युटीवर हाय लेकरू. कशाला तकलीफ द्यायची?" असं म्हणाले म्हणे.

मला याचा पत्ता दिवाळीला गावी गेल्यावर लागला. एसटीतून उतरले तर पारावरची माणसं उठून उभी राहिली. घरासमोर पाच-सहाजण बसलेले. एकाचे गुडघे, एकीचं बीपी, एकाची म्हैस. आईनं मला आत ओढलं. "काय गं, हेलिकॉप्टरची नोकरी लागली आन् आईला न्हाई सांगितलं?"

मी काकांना गाठलं. खरं सांगायला तोंड उघडलं, पण काका माझा हात धरून शेताकडे निघालेले. माणूस इतका खूश होता की चालता चालता उड्या मारत होता. शेतावर गेलो तर खळं लख्ख सारवलेलं. मधोमध चुन्याचा मोठा गोल.

"मंत्री आला व्हता तव्हा बघितलं व्हतं मी," काका म्हणाले. "हेलिकॉप्टरला आशीच जागा लागती. बराबर हाय ना?"

मी मान हलवली. दुसरं काय करणार?

"आन् हे बघ!" काकांनी वर बोट दाखवलं. बांबूच्या टोकाला त्यांचं धोतर फडफडत होतं. "तुमच्या डायवरला वाऱ्याचा अंदाज यावा म्हणून!"

*

दोन पडणी नावावर. आता काहीतरी करणं भाग होतं. डोकं चालवलं ते प्रल्हादनं.

"ताई, हिंगोलीची लाइट जाती तव्हा सेनगावची असती. सेनगावची जाती तव्हा आपली असती. मंग दोन डायवर ठिवू! एक हितं, एक तिथं!"

सेनगावला नुकताच एक कॅफे निघाला होता. पिराजीनं तिथं बसायचं, पायलटच्या शेजारच्या सीटवर. इकडची लाइट गेली की त्यानं एक बटण दाबून हेलिकॉप्टर ताब्यात घ्यायचं. जगात कुठल्या टीमनं लोडशेडिंग बघून को-पायलट नेमला असेल असं मला वाटत नाही!

अडचण एकच. पिराजीला उडवता येत नव्हतं. प्रल्हादनं त्याला आठवडाभर शिकवलं. जीप समज म्हणाला, मोटरसायकल समज म्हणाला, शेवटी मेंढरू समज म्हणाला. पिराजीनं सगळं मन लावून ऐकलं आणि शेवटी म्हणाला, "वर न्यायला न्हाई जमत मला. खाली आणता येतं."

"अरे, खाली तर ते आपोआप येतं!" प्रल्हाद ओरडला.

"हळू आणता येतं," पिराजी म्हणाला.

*

आणि मग लार्ससाहेबांनी परीक्षा जाहीर केली. येत्या शनिवारी दुपारी ते स्वतः पेशंट होणार. दवाखान्यापर्यंत सुखरूप पोचवलं तर हेलिकॉप्टर कायमचं आमचं. पडले, तर ते दुसऱ्या टीमचं.

शनिवारी दुपारी हिंगोलीची लाइट जायची नव्हती. आम्ही तीनतीनदा खात्री केलेली. प्रल्हादनं वडिलांच्या जीपमधला हार आणून मॉनिटरला घातला होता. सेनगावात पिराजी तयार. गल्लीला बातमी लागलेली, त्यामुळे पंक्चरवाला, मावशी, सगळे दारात. रऊफभाई बोर्डापाशी.

लार्ससाहेब एका उंच टॉवरच्या पायथ्याशी बेशुद्ध पडलेले सापडले. बेशुद्ध म्हणजे नियमाप्रमाणे बोलायचं नाही, हलायचं नाही. मी त्यांना आत घेतलं. प्रल्हादनं या वेळी एकाही सीटची वाट बघितली नाही. काय उडाला तो! टॉवर खाली गेले, पूल खाली गेला, दवाखान्याची गच्ची दिसायला लागली, मागून मावशी म्हणाली, "आलं, आलं!"

आणि लाइट गेली.

वेळापत्रकात नसलेली! यूपीएस कुंईकुंई करून गप्प. "भाई, जनरेटर!" प्रल्हाद ओरडला. रऊफभाईंनी आठवड्यापूर्वीच घेतलेला जुना जनरेटर नेमका त्यांच्या भाच्याच्या वलीम्याला, लग्नाच्या जेवणाला, गेलेला! प्रल्हाद नाहीसा, मी नाहीशी, वर आभाळात बेशुद्ध लार्ससाहेब आणि एकटा पिराजी, ज्याला वर नेता येत नाही.

प्रल्हादनं फोन लावला. रिंग जातेय, पिराजी उचलत नाही. पुन्हा लावला. नाही.

"दोनी हात कीबोर्डवर आसतील त्याचे," मी म्हटलं.

"न्हाईतर पडलं आसल," प्रल्हाद म्हणाला आणि पायरीवर जाऊन बसला. डोळे पुसत होता. त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्याला जीपच्या मागच्या फळीवरून उचलून पुढं, स्टिअरिंगवर बसवलं होतं. ते आता जाणार होतं. मला त्याच्याकडे बघवेना. रऊफभाईंनी आमच्यासाठी चहा सांगितला, पण तो कोणी प्यायला नाही.

उन्हं कलली तेव्हा लाइट आली. मशीन सुरू होईपर्यंत मी एंटर दाबत राहिले. आत शिरलो. दवाखान्याच्या गच्चीवर हेलिकॉप्टर नव्हतं.

"गेलं," प्रल्हाद म्हणाला.

मग मला नकाशावर पिराजीचा ठिपका दिसला. शहराबाहेर, दूर, एका गवताच्या माळावर. हेलिकॉप्टर तिथं सरळ उभं होतं. साधा ओरखडा नाही! इमारतींच्या जंगलात उतरायची त्याची हिंमत झाली नसणार, म्हणून मेंढरं बसवावीत अशी मोकळी जागा बघून त्यानं ते हळू खाली आणलं होतं. पेशंट गवतावर झोपलेला, शेजारी पिराजी बसलेला. दुपारपासून!

टीमच्या चॅटमध्ये साठून राहिलेलं त्यांचं बोलणं मी वरपासून वाचायला लागले. डॉक्टर गायब, पायलट गायब. पिराजीकडे फक्त तीन वाक्यं. मी इथंच आहे. तुम्ही जेवलात का? काही होत नाही. तीच पुन्हा, आणि पुन्हा. मध्येच इंग्रजी अक्षरांतून मराठी सुरू झालेली. काल आमची मेंढी व्यायली. दोन पिल्लं झाली. एक काळं हाय. आईनं भाकरी बांधून दिलती, अर्धी ठिवली हाय. जेवलास का? लाइट येतीच आता. काही होत न्हाई.

लार्ससाहेबांच्या बाजूनं एक अक्षर नाही. बेशुद्ध माणूस कसा बोलेल? पण उठून जाता आलं असतं त्यांना, मशीन बंद करता आलं असतं. ते गेले नव्हते.

अगदी खाली, लाइट यायच्या जरा आधी, त्यांची एक ओळ होती. "हेलिकॉप्टर तुमचंच."

मी ते मोठ्यांदा वाचलं आणि प्रल्हादनं खुर्चीवर उडी मारली! मावशीनं त्याची दृष्ट काढली. पंक्चरवाल्यानं कोणाची तरी टोपी हवेत उडवली. रऊफभाईंनी विचारलं, "ऊपर है के नीचे?" मी म्हटलं, "खाली आहे, भाई! सुखरूप खाली आहे!" आणि त्यांनी कॅफेतले होते नव्हते तेवढे पंखे, वर तो कूलर, सगळं एकदम चालू केलं!

त्या गोंधळात मला खालची दुसरी ओळ उशिरा दिसली. ती पिराजीच्या नावानं होती.

"सोमवारी मला दवाखान्यात जायचं आहे. खेळातल्या नाही, खऱ्या. ऑपरेशन आहे. आत नेईपर्यंत लॅपटॉप जवळ ठेवू देतात. माझ्याबरोबर कोणी नाही. नातेवाईक ड्युटीवर आहे का?"

मी प्रल्हादला बोटानं दाखवलं. त्याचं नाचणं थांबलं. या वेळी पिराजीनं फोन लगेच उचलला.

"काय उत्तर दिलं रे?"

"व्हय म्हणलो," पिराजी म्हणाला.

सोमवारी सेनगावला लाइट नव्हती. पिराजी पहिल्या जीपनं हिंगोलीला आला. रऊफभाई शटर वर करत होते, मी आणि प्रल्हाद पायरीवर उभे. पिराजीनं इस्त्रीचा शर्ट घातला होता, केस तेल लावून बसवले होते, आणि हातात फडक्यात बांधलेला चार पुडाचा डबा होता.

तो सरळ आत गेला, मशीनसमोर बसला आणि डबा कीबोर्डशेजारी ठेवला. मी रऊफभाईंकडे बघितलं. त्यांनी माउस सरकवून डब्याला जागा करून दिली.

प्रल्हादला राहवेना. "पिराज्या, लेका, डबा तिकडं कसा पोचल?"

"पोचत न्हाई ते मला बी कळतं," पिराजी मशीन चालू करत म्हणाला. "पर दवाखान्यात रिकाम्या हातानं जातेत का कुठं?"